पेटीतला आठवडा

लिलावाच्या शेडमध्ये त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी इथे ओल्या टोपल्या, वितळत्या बर्फाचं पाणी आणि मासे घ्यायला आलेल्यांची हमरीतुमरी. त्या दिवशी मात्र फरशी धुऊनपुसून लख्ख. मधोमध एक टेबल, टेबलावर बुटांच्या खोक्याएवढी लोखंडी पेटी, आणि पेटीमागे राखाडी शाल पांघरून, डोळे अर्धवट मिटून उभे असलेले आठवडेबाबा.

“सात दिवसांपूर्वी मी या पेटीत काय टाकलं?”

“चिठ्ठी!” शेडचे पत्रे थरथरले.

“सात दिवस पेटी कुठे होती?”

“सोसायटीच्या ऑफिसात! आमच्या डोळ्यांसमोर!”

“मी तिला बोट तरी लावलं?”

“नाही!”

“मी कोण? मी कुणीच नाही. आभाळ सांगतं, मी लिहून घेतो. आभाळाचा कारकून म्हणा मला.”

लोकांना हे फारच आवडलं. एवढा मोठा माणूस आणि स्वतःला कारकून म्हणवतो! बाबांनी गळ्यातली वीतभर किल्ली काढली, कुलपात घातली, सावकाश फिरवली आणि दोन पावलं मागे सरले. लिलाव पुकारणाऱ्या माणसाने झाकण उघडलं. त्याचा आवाज सगळ्या धक्क्यावर ऐकू जायचा, म्हणून वाचायचं काम त्याच्याकडे. आतून काडीएवढी बारीक सुरळी निघाली. ती उलगडून तो वाचू लागला.

“सोमवार. सकाळी धुकं. किमान तापमान अकरा पूर्णांक तीन. मंगळवार. आभाळ स्वच्छ, वारा उत्तरेचा...”

प्रत्येक वारागणिक गर्दीतून हुंकार उठत होता. खरंच धुकं होतं! खरंच उत्तरेचा वारा होता! आणि आकडे कसे, तर दशांशासकट. एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. मी मागच्या खांबाला टेकून उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. कारण ते आकडे माझ्या वहीतले होते. माझ्या हाताने लिहिलेले.

मी टेकडीवरच्या हवामान केंद्रात निरीक्षक आहे. काम साधं. सकाळ-संध्याकाळ तापमान बघायचं, पावसाच्या नळकांड्यातलं पाणी मोजायचं, वाऱ्याची दिशा आणि हवेचा दाब नोंदवायचा आणि मोठ्या कार्यालयाला कळवायचं. तिकडून पुढच्या सात दिवसांचा अंदाज येतो. तो आणि आजची मोजमापं मी फाटकाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिते. खालचं सरोवर एवढं मोठं, की पलीकडचा काठ दिसत नाही. गावाचं पोट त्याच्यावरच. पानगळ सुरू झाली की वारे बदलतात, आणि सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारपर्यंत नाव उलटी करू शकतं. म्हणून त्या दोन महिन्यांत तरी लोक माझ्या फळ्याकडे बघायचे.

बघायचे, असंच म्हणायला हवं. कारण बाबा यायच्या पंधरा दिवस आधी आमचा अंदाज सपशेल चुकला होता. जोरदार वाऱ्याची शक्यता, असं मी लिहिलं. दोन दिवस नावा बांधून राहिल्या, आणि दोन्ही दिवस पान हललं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी फळ्यावर माझं चित्र काढलं, हातात फाटकी छत्री. चित्र चांगलं होतं, तेच जास्त लागलं.

बाबा नेमके अशा वेळी आले.

माझी ताई धक्क्याजवळ राहते. जाळी विणते आणि दुरुस्त करते. भावजींची स्वतःची नाव. मूल नाही, त्यामुळे दोघांचा सगळा जीव एकमेकांवर आणि उरलेला माझ्यावर. पेटीचा तो चमत्कार बघून ताई दर रविवारी पहिल्या रांगेत बसू लागली.

“ताई, एक सांग,” मी म्हणाले. “त्या चिठ्ठीत आठवड्याचा अंदाज असतो ना? मग तो आठवडा संपल्यावरच का वाचायचा? आधी वाचला तर काय बिघडतं?”

“आधी वाचला तर माणूस त्याप्रमाणे वागतो आणि आभाळाचा कोप होतो. बाबांनी सांगितलंय.”

“मग उपयोग काय त्याचा?”

“तू जळतेस,” ताई म्हणाली. तिच्या हातातली सुई थांबली नव्हती. “तुझं चुकतं आणि त्यांचं चुकत नाही, हे दुखतंय तुला.”

थोडं खरं होतं ते. दुखत होतंच.

पेटी उघडून झाली की रांग लागायची. पुढच्या आठवड्याचं प्रत्येकाला वेगळं, कानात. मी एकदा सहा नाववाल्यांना गाठून विचारलं, बाबा काय म्हणाले. तिघांना त्यांनी वारा सांगितला होता, तिघांना शांत पाणी. दिवस एकच, पाणी एकच. चहाच्या टपरीवर मी हे मोठ्याने बोलून दाखवलं.

“बाबा ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे सांगतात, बाई.”

“म्हणजे एकाच पाण्यावर सहा नशिबांसाठी सहा वारे वाहतात?”

सगळे हसले, पण मला हसले. ज्यांचं खरं झालं ते तिघं गावभर सांगत सुटले. ज्यांचं खोटं झालं ते गप्प बसले. आपलीच श्रद्धा कमी पडली, असं त्यांना वाटलं असणार. अशी ती बाबांची गिरणी चालली होती. बरोबर आलेलं पीठ बाहेर, चुकलेला कोंडा ज्याच्या त्याच्या घरात.

वहीतले आकडे पेटीत कसे जातात, हे मात्र मला कळत नव्हतं. फळा रोज पुसला जातो, म्हणून तो माझ्या डोक्यातच आला नाही; केंद्राच्या शिपायावर मी संशय घेतला. बिचारा रडकुंडीला आला.

मग तो बुधवार आला.

दाब सकाळपासून उतरत होता. मोठ्या कार्यालयाचा संदेश होता, गुरुवारी दुपारनंतर वादळी वाऱ्याची शक्यता. फळ्यावर लिहून मी संध्याकाळी थेट ताईकडे गेले. भावजी दारात बसून नावेचा दोर गुंडाळत होते.

“या मेहुणीबाई! आज फळा घरपोच?”

“भावजी, उद्या जाऊ नका.”

“का? पुन्हा शक्यता का?” ते हसले. त्यांचं हसणं असं होतं, की समोरच्याला राग धरताच यायचा नाही. “तुमच्या मागच्या शक्यतेपायी दोन दिवस घरात बसलो. तुमच्या ताईने माझ्याकडून सगळी भांडी घासून घेतली.”

“मी गंमत करत नाहीये.”

त्यांनी दोर खाली ठेवला आणि आत बघितलं. “काय गं, नको जाऊ का?”

ताई चुलीपाशी होती. ती वळूनही न बघता म्हणाली, “बाबांनी तुमच्या कानात काय सांगितलं? मी शेजारीच होते. गुरुवारी पाणी तळहातासारखं असेल, बिनघोर जा. मग आता दहा जणांना काय विचारत बसलाय?”

“मी दहा जणांतली का, ताई?”

“तुला नक्की माहीत आहे का? नक्की? सांग, होणारच म्हणून.”

मला होणारच म्हणता येईना. माझ्या कामात तो शब्दच नाही. “शक्यता आहे,” मी म्हणाले. माझ्याच कानांना ते किती पुळचट वाटलं. ताईने मान उडवली. मी चिडले, चप्पल अडकवली आणि चहाही न घेता निघून आले. भावजींनी मागून हाक मारली होती. मी वळले नाही.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला वारा सुटला. टेकडीवरची सगळी उरलीसुरली पानं एका झपाट्यात उडाली. वाऱ्याचं यंत्र ताशी अडुसष्ट किलोमीटर दाखवत होतं, आणि मी खिडकीला नाक लावून नावा मोजत होते. सकाळी पाच गेल्या होत्या. एक आली, दुसरी आली. अंधार पडायच्या आत चार परतल्या.

शुक्रवारी भावजींची नाव सापडली. पलीकडच्या काठाला, उलटी. शनिवारी नावेवरच्या त्यांच्या जोडीदाराचं प्रेत मिळालं. भावजींचा पत्ता नव्हता.

रविवारी सकाळी ताई उठून तोंड धुऊन तयार झाली. तीन दिवसांत ती रडली नव्हती.

“कुठे निघालीस?”

“बाबांकडे. कुठल्या काठाला लागतील, ते त्यांना तरी ठाऊक असेल.”

तिचा हात धरून सोबत गेले.

शेड भरलेली होती, पण त्या दिवशी आरोळ्या नव्हत्या. आम्हाला बघून लोकांनी वाट दिली. बाबांनी किल्ली फिरवली, सुरळी निघाली, लिलाववाला वाचू लागला.

“सोमवार. ढगाळ. मंगळवार. पाऊस दोन पूर्णांक चार मिलिमीटर. बुधवार. दाब उतरेल. गुरुवार...” तो अडखळला. “गुरुवार. तीन वाजता वादळ. वारा ताशी अडुसष्ट. पाण्यावर घात होईल.”

मग कुणीतरी पुटपुटलं, “बाबांना माहीत होतं!” आणि ते शब्द भराभर मागपर्यंत पोचले. लोक हात जोडू लागले. दोन माणसं गेली होती, आणि बाबा त्यामुळे आणखी मोठे झाले होते.

ताई पुढे झाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“आभाळाला माहीत होतं, बाई.”

“मग त्यांना जा का म्हणालात?”

बाबांनी डोळे मिटले. “शब्द मी शुद्धच दिला होता. पण ऐकणाऱ्याच्या मनात शंका असली की शब्द उलटतो. तुझ्या नवऱ्याच्या मनात शंका होती.”

“होतीच,” मागून एक जण म्हणाला. “हसायचा तो. कशालाही हसायचा.” दोन-चार माना हलल्या. ज्याच्याबरोबर ही माणसं रोज चहा प्यायची, त्याच्यावर ती त्याच्या मरणाचा दोष ठेवत होती. नाव उलटी सापडल्याचं ऐकल्यावरही मला एवढं एकटं वाटलं नव्हतं.

पण त्याच क्षणी डोक्यात काहीतरी अडकलं.

“मंगळवारचा पाऊस पुन्हा वाचा,” मी म्हणाले.

“दोन पूर्णांक चार.”

“मंगळवारी पाऊस चार पूर्णांक दोन पडला. माझ्या वहीत चार पूर्णांक दोन आहे, मोठ्या कार्यालयाला तेच कळवलं आहे. सकाळी घाईत मी फळ्यावर आकडे उलटे लिहिले. दोन पूर्णांक चार. दुपारी चूक लक्षात आली, पण भुरभुर चालू होती म्हणून फळा पुसायला गेले नाही. ही चूक आभाळाची नाही, माझी आहे. जगात ती फक्त एकाच ठिकाणी लिहिलेली होती. फाटकाबाहेरच्या फळ्यावर.” मला धाप लागली होती. “आभाळ माझा फळा बघून पाऊस पाडतं का, बाबा? की तुम्ही तो बघून चिठ्ठी लिहिता?”

बाबा हसले. “पेटी बंद होती, बाई. या सगळ्यांच्या पहाऱ्यात होती. चिठ्ठी आत गेली कशी?”

गर्दी पुन्हा त्यांच्या बाजूला झुकली. पेटी खरंच बंद होती.

तेवढ्यात नावांची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री, जो कधी दोन वाक्यं सलग बोलत नाही, म्हणाला, “मला एक कळत नाही. एवढ्याशा कुलपाला वीतभर किल्ली कशाला?”

बाबांचा हात पुन्हा गळ्यात घातलेल्या किल्लीकडे गेला. ताई टेबलापलीकडेच उभी होती. तिने हात लांब करून किल्ली धरली आणि ओढली. दोरी तटकन तुटली. कुणाला काही कळायच्या आत ती किल्लीवरून अंगठा फिरवू लागली. आयुष्यभर जाळ्यातला तुटलेला धागा ज्या बोटांनी न बघता शोधला, ती बोटं.

“हे सरकतंय,” ती म्हणाली.

मिस्त्रीने किल्ली घेऊन उजेडात धरली. “पोकळ आहे. आत दांडा आहे, पिचकारीला असतो तसा. कुलपात घालायची, अंगठ्याने दांडा दाबायचा. सुरळी आत.” मग कुलपात डोकावून म्हणाला, “भोकही आरपार आहे.”

सगळं गाव आठवडाभर पेटीवर डोळे लावून बसायचं. किल्लीवर कुणाचंच लक्ष नव्हतं. रविवारी बाबा चिठ्ठी आत टाकल्यासारखं करायचे आणि मुठीतच ठेवायचे. माझ्या फळ्यावरून रोज उतरवलेली आठवड्याची मोजमापं शनिवारी संध्याकाळी पातळ कागदावर लिहायचे, किल्लीत भरायचे, आणि रविवारी सगळ्यांच्या देखत आत ढकलायचे.

“हे सगळं बोलणं झालं,” पहिल्या रांगेतला एक म्हातारा हट्टाने म्हणाला. “करून दाखवा.”

“कागद द्या,” ताई म्हणाली.

लिलाववाल्याने आपल्या वहीचं पान फाडून दिलं. ताईने टेबलावर वाकून काहीतरी लिहिलं, कुणालाही दाखवलं नाही. कागदाची बारीक सुरळी करून तिनेच ती किल्लीत सारली. मिस्त्रीने रिकामी पेटी उलटी करून सगळ्यांना दाखवली, झाकण दाबून बंद केलं. मग किल्ली घातली आणि फिरवली. लिलाववाल्याने झाकण उघडलं. आत सुरळी होती.

त्याने ती उलगडली, त्याच्या त्या सगळ्या धक्क्यावर ऐकू जाणाऱ्या आवाजात सुरुवात केली, आणि दुसऱ्या शब्दाला त्याचा आवाज फुटला.

“गुरुवारी... गुरुवारी संध्याकाळी नाव परत आली. दोघंही सुखरूप.”

पत्र्यावर पानं घासल्याचा आवाज येत होता. ताई पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, “हिच्यात तेही निघतं. जे घालाल ते निघतं.” आणि मग ती फरशीवर बसली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडली.

बाबांना पोलीस घेऊन गेले. एकदोघे हात उगारून धावले होते, पण ताईचं रडणं ऐकून थांबले. त्या दिवशी कुणी जिंकल्यासारखं दिसत नव्हतं, मीसुद्धा नाही. माणसं एकेक करून निघून गेली, एकमेकांकडे न बघता. किल्ली पोकळ होती, पण बाबांकडे काहीतरी होतंच, असं म्हणणारे आजही चार जण आहेत. म्हणोत. ज्याने आपल्या भावाला बाबांच्या पायावर घातलं होतं, त्याला एका सकाळीत सगळं मान्य करणं सोपं नसतं.

भावजी पुढच्या बुधवारी सापडले, दक्षिणेकडच्या लव्हाळ्यात.

महिन्याभराने एका दुपारी मी ताईकडे बसले होते. झाडं उघडी पडली होती, उन्हात धार नव्हती. ताई दुसऱ्या कुणाचं तरी जाळं मांडीवर घेऊन बसली होती.

“एक विचारू?” ती म्हणाली. “त्या बुधवारी तू शक्यता म्हणालीस. म्हणजे किती गं?”

मी खरं सांगितलं. “असा दाब उतरला, असा संदेश आला, तर दहापैकी सात वेळा वादळ येतं. तीन वेळा काहीच होत नाही.”

तिने सुई खाली ठेवली.

“सात तर खूप होते गं,” ती म्हणाली. “सात म्हणाली असतीस तर मीच नाव बांधली असती.”

तिने मला दोष दिला नाही, स्वतःलाही वेगळा दिला नाही. पण तो दोघींच्या मधे बसलेला आहे आणि तिथेच राहील. शक्यता या शब्दाआड मी लपले होते. सरकारी कागदावर तो शोभतो, पण ज्याचा माणूस उद्या पाण्यावर जाणार त्याला तो काही सांगत नाही. आता मी फळ्यावर दहापैकी किती, ते लिहिते. बाजूला मागच्या महिन्यात आम्ही किती वेळा बरोबर आलो आणि किती वेळा चुकलो, तेही. चुकांचा आकडा मोठा असला की लोक अजून हसतात. हसू देत.

कुणी पुढचं नक्की सांगतो म्हणालं, तर त्याला हात जोडण्याआधी तीन गोष्टी विचारा. आधी सांगितलंस का? सगळ्यांना एकच सांगितलंस का? आणि चुकलास तेव्हा कबूल केलंस का? मलाही विचारा, माझ्या मोठ्या कार्यालयालाही विचारा. आमच्या चुका उघड्यावर लिहिलेल्या असतात, त्या मोजता येतात, म्हणून आमच्यावर किती भरवसा ठेवायचा हे तुम्हाला ठरवता येतं. ज्याच्या चुका मोजायची सोयच नाही, त्याच्या शब्दावर घरातलं माणूस पाण्यावर पाठवू नका.